बर्फावर वाट काढणारा आर्मां
(इयत्ता ७ वी)



संशोधक म्हटला की आपल्याला एडिसन आठवतो, नाही तर विमानवाले राइट बंधू. मी आज ज्यांची माहिती देणार आहे त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांचे नाव जोसेफ-आर्मां बोंबार्डिये. बर्फावरून धावणारी छोटी गाडी, म्हणजे स्नोमोबाइल, घरोघर पोहोचवली ती यांनी.

आर्मां यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ रोजी कॅनडा देशातील क्वेबेक प्रांतात वालकूर या खेडेगावाजवळ झाला. तिकडचे लोक फ्रेंच भाषा बोलतात. आठ भावंडांत आर्मां थोरला. लहानपणापासून त्याला यंत्रांचे भारी वेड. घड्याळ दिसले की उघडून पाहायचे, मोडकी खेळणी जुळवायची, हाच त्याचा खेळ. वडिलांना वाटे की पोराने पाद्री व्हावे, म्हणून त्यांनी त्याला धर्मशिक्षणाच्या शाळेत घातले. पण पोराचे मन रमे ते नटबोल्टांत.

वडिलांनी त्याला फोर्ड गाडीचे एक जुने इंजिन दिले. पंधरा वर्षांच्या आर्मांने ते दुरुस्त केले, घसरगाडीवर बसवले आणि मागे लाकडी पंखा लावला. १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी तो आणि त्याचा धाकटा भाऊ त्या गाडीत बसून गावच्या रस्त्याने निघाले. घोडा नाही, बैल नाही, आणि गाडी बर्फावरून चालली! लोक बघतच राहिले. पण मागचा पंखा उघडाच गरगर फिरत होता. कोणाचा हात गेला असता तर तुटलाच असता. वडिलांनी गाडी मोडून टाकायला सांगितली आणि आर्मांने ऐकले. वडिलांचे बरोबरच होते असे मला वाटते.

पुढे वडिलांनीही हट्ट सोडला. आर्मां गॅरेजमध्ये काम शिकला. तंत्राची मासिके इंग्रजीत असत, म्हणून ती भाषाही शिकला. १९२६ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने वालकूरमध्ये स्वतःचे गॅरेज काढले. उन्हाळ्यात लोकांच्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात आपले प्रयोग करायचे. कारण तिकडे हिवाळ्यात खेड्यातले रस्ते बर्फाखाली जात. लोक मोटारी घरात उभ्या करून ठेवत आणि घोड्याच्या घसरगाडीने जात. डॉक्टरला आणायचे तर तासन् तास लागत.

आता सांगतो ती गोष्ट लिहिताना मला वाईट वाटले. १९३४ च्या हिवाळ्यात आर्मां यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आजारी पडला. त्याच्या पोटात विकार झाला होता. शहरातल्या इस्पितळात नेणे जरुरीचे होते. पण रस्ते बंद होते आणि बर्फावर चालणारी गाडी अजून पुरी झालेली नव्हती. मुलगा गेला. आपल्याकडेही पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की आजारी माणूस अलीकडच्या काठावर अडकतो. त्यामुळे हे दुःख आपल्याला कळेल.

आर्मां खचून बसले नाहीत. त्यांनी काम वाढवले. अडचण अशी होती की गाडीचे चाक मऊ बर्फात रुतते. त्यांनी रबराने मढवलेले दातेरी चाक केले आणि त्याभोवती फिरणारा रबराचा पट्टा बसवला. पट्ट्याला लोखंडी आडव्या पट्ट्या लावल्या. त्यामुळे गाडीचे वजन एका जागी न पडता पसरते. चिखलाच्या शेतात फळी टाकून तिच्यावरून चालले की पाय रुतत नाहीत ना, तसेच हे. १९३७ साली त्यांना या युक्तीचे पेटंट मिळाले. त्यांची सात माणसांची गाडी विकली जाऊ लागली. मग बारा जणांची आली, शाळेच्या मुलांना नेणारीही आली. डॉक्टर, टपालवाले, पाद्री सगळे या गाड्या वापरू लागले. १९४२ साली त्यांनी कंपनी स्थापन केली.

१९४८ साली सरकारने कायदा केला की गावोगावचे रस्ते हिवाळ्यात साफ ठेवायचे. लोकांची सोय झाली, पण यांच्या गाड्यांचा खप एकदम उतरला. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. यांनी दलदलीत आणि जंगलात चालणारी ‘मस्केग’ नावाची गाडी १९५३ साली काढली.

मात्र एक-दोन माणसांची छोटी गाडी करायची, हे त्यांच्या मनातून गेले नव्हते. तोवर इंजिने हलकी झाली होती. १९५९ साली ‘स्की-डू’ बाजारात आली. पुढे दोन लाकडी पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा. पहिल्या वर्षी २२५ गाड्या झाल्या. कुत्र्यांच्या घसरगाडीऐवजी ती वापरायची म्हणून नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते, पण रंगवणाऱ्याच्या चुकीने ‘स्की-डू’ झाले असे सांगतात. सुरुवातीची एक गाडी त्यांनी ओंटारियोच्या उत्तरेला आदिवासी वस्तीत काम करणाऱ्या एका पाद्रीमित्राकडे पोहोचवली.

आज अशा गाड्या उंच डोंगरांवरही जातात. अमेरिका-कॅनडातील रॉकी पर्वतावर तर पुष्कळ चालतात. पण सपाटीवरची गाडी तशीच डोंगरावर नेली तर ती धापा टाकते. का बरे? उंचावर हवा विरळ असते. तीन हजार मीटरवर ती समुद्रकाठच्या मानाने सुमारे पाऊणपटच भरते. चुलीत लाकडे फार कोंबली आणि वारा कमी पडला की धूर होतो. तसेच इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते. दर ३०० मीटर चढाला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के घटते. म्हणून जुन्या पद्धतीच्या इंजिनात कार्बोरेटरमधला जेट बारीक भोकाचा बसवतात, म्हणजे पेट्रोल कमी जाते. खाली उतरल्यावर तो पुन्हा बदलावा लागतो, नाही तर इंजिन तापून बिघडते. नव्या गाड्यांत हे काम यंत्र आपोआप करते. क्लचमधली वजनेही हलकी लावतात. डोंगरावरचा बर्फ भुसभुशीत, म्हणून पट्टा लांब आणि त्यावरचे रबरी दात उंच असतात. शिवाय हिमकडा कोसळण्याची भीती! म्हणून प्रत्येक जण फावडे, शोध घ्यायची लांब काठी आणि संदेश देणारे यंत्र जवळ बाळगतो. एकटा कोणी जात नाही.

आपल्या देशाचे जवान सियाचीनच्या बर्फात अशाच स्नो स्कूटर वापरतात. आणखी एक गंमत सांगतो. २०१५ पासून मुंबईच्या काही लोकलना लोक ‘बंबार्डियर लोकल’ म्हणतात. त्या गाड्यांची विजेची यंत्रसामग्री ज्या कंपनीने दिली, ती याच आर्मां यांच्या कंपनीतून वाढलेली.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते फक्त ५६ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर चाळीसच्या आसपास पेटंट होती. वालकूरमध्ये आज त्यांचे संग्रहालय आहे.

मित्रांनो, आर्मां मोठ्या शहरातले नव्हते, मोठ्या कॉलेजातलेही नव्हते. आपल्या गावाची अडचण काय, हे त्यांनी ओळखले आणि तिच्यामागे पंचवीस-तीस वर्षे लागले. त्यांच्या इव्होंला गाडी मिळाली नाही, पण पुढे कितीतरी घरांच्या दारात बर्फातून डॉक्टर वेळेवर पोहोचला. आपल्या गावाच्या अडचणी कोणत्या? तुम्हांला सुचतील त्या वहीत लिहून काढा. पुढच्या अंकात आपण त्या या फळ्यावर लावू.