डॉक्टर रॉबर्ट बारानी

आपण दोन पायांवर उभे राहतों, धांवतों, आगगाडीच्या धक्क्यानें कलंडलों तरी पुनः सांवरतों. परंतु हें कार्य शरीरांत कसें घडतें, याचा विचार क्वचितच मनांत येतो. ज्यांनीं हा विचार जन्मभर केला, त्या डॉक्टर रॉबर्ट बारानी यांचें अल्पचरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

बारानी यांचा जन्म व्हिएन्ना शहरीं ता. २२ एप्रिल १८७६ रोजीं झाला. सहा भावंडांत ते सर्वांत वडील. बालपणींच हाडांचा क्षय जडून त्यांचा गुडघा कायमचा ताठ झाला. तथापि शाळेपासून विश्वविद्यालयापर्यंत त्यांनीं आपला पहिला क्रमांक सोडिला नाहीं. टेनिस व डोंगरांतील भटकंतीही सोडिली नाहीं. १९०० सालीं ते डॉक्टर झाले व पुढें कर्णरोगांकडे वळले.

कान धुण्यासाठीं पिचकारीनें पाणी सोडिलें असतां कांहीं रोग्यांस भोंवळ येई व त्यांचे डोळे झटके देऊं लागत. पाणी पुरेसें ऊन नसलें म्हणजेच असें होतें, असें एका रोग्यानें त्यांस सांगितलें. बारानींनीं जास्त ऊन पाणी वापरून पाहिलें. भोंवळ आलीच, पण डोळ्यांचे झटके उलट दिशेस! तेव्हां त्यांस स्नानाच्या बंबाची आठवण झाली. बंबांत तापलेलें पाणी वर चढतें व थंड पाणी खालीं उतरतें. कानांतील द्रवाचेंही तसेंच होत असावें. १९८३ सालीं अंतराळयानांत केलेल्या प्रयोगांवरून हें एकच कारण पुरेसें नाहीं असें दिसून आलें. परंतु त्यांची परीक्षा आजही वैद्य वापरतात.

प्रत्येक कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं द्रव क्षणभर मागें राहतो, सूक्ष्म केस वांकतात व मज्जातंतू ती वार्ता मेंदूस पोंचवितात. डोळे, स्नायू व सांधे यांच्याही वार्ता तेथें येतात. छोटा मेंदू त्यांचा मेळ घालण्यास साह्य करितो. मग मान, पाठ व पाय यांचे कांहीं स्नायू आंवळतात, कांहीं सैल पडतात, आणि आपण पडत नाहीं.

महायुद्धांत सैन्याचे शस्त्रवैद्य असतां १९१५ सालीं बारानी रशियनांच्या हातीं सांपडले. १९१४ सालचें नोबेल पारितोषिक आपणांस मिळाल्याची वार्ता त्यांस कैदेंतच कळली! स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनीं रेड क्रॉसतर्फे रशियाच्या झारपाशीं रदबदली केली, तेव्हां १९१६ सालीं त्यांची सुटका झाली. परंतु मायदेशीं सत्काराऐवजीं दोषारोप वांट्यास आला. इतरांच्या शोधांचा त्यांनीं पुरेसा उल्लेख केला नाहीं, असें सहकारी म्हणूं लागले. खिन्न मनानें ते स्वीडनमधील उप्साला येथें गेले व तेथें त्यांनीं अध्यापन व संशोधन चालूं ठेविलें. ता. ८ एप्रिल १९३६ रोजीं, साठावें वर्ष पुरें होण्यास चौदा दिवस उरले असतां, त्यांचें निधन झालें.

ज्यांचा गुडघा वांकत नव्हता, त्यांनींच मनुष्य तोल कसा सांवरतो हें जगास शिकविलें. आजार, कारावास व अपमान यांतही त्यांनीं स्वतःचा तोल जाऊं दिला नाहीं. आमचे विद्यार्थी संकटकाळीं या पुरुषाचें स्मरण करितील, अशी आम्हांस आशा आहे.