पानिपतचा बोध आणि बोरघाटाचे यश : नाना फडणवीसांचे चरित्र

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी कर्जत तालुक्यातील वाटा भीमाशंकराकडे वळतात. नेरळ, पोशीर, कळंब, कशेळे या बाजूचे भाविक खांडसला पोचतात आणि तेथून गणेश घाटाने, अथवा अंगात बळ असल्यास शिडी घाटाने, सह्याद्री चढून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतात. ज्या भीमाशंकराच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराशी नाना फडणवीसांचे नाव जोडलेले आहे, त्या नानांचे चरित्र आजच्या पुण्यदिनी या पंचक्रोशीतील घराघरांत वाचले जावे, असे मनापासून वाटते. पेशवाईतील श्रेष्ठ मुत्सद्दी म्हणून नानांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु ही मुत्सद्देगिरी ज्या शाळेत घडली, ती शाळा पराभवाची होती, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

कीर्तनाच्या परिपाठाप्रमाणे आधी पूर्वरंग सांगू. देव आणि दानव अमृताच्या आशेने क्षीरसागर घुसळू लागले, तेव्हा हाती काय आले? हलाहल! ज्या मंथनातून चौदा रत्ने निघायची होती, त्याच मंथनातून त्रैलोक्य जाळणारे विष निघाले. देवांनी त्या वेळी रवी टाकून दिली असती, तर अमृत समुद्राच्या तळाशीच राहिले असते. भगवान शंकरांनी ते विष प्राशन केले, पण उदरात उतरू दिले नाही, कंठात धारण केले. अपयशाचेही असेच आहे. ते थुंकून टाकले, तर त्यातून शिकता काही येत नाही. पोटात उतरू दिले, तर माणूस कुढून कुढून संपतो. ते कंठात धारण करावे लागते, म्हणजे आठवणीत जागे ठेवावे आणि अंतःकरण मात्र शांत राखावे. नीलकंठाच्या उपासनेचा हा अर्थ ज्यांच्या आयुष्यात उतरला, अशा पुरुषांत नानांची गणना करावी लागेल.

आता उत्तररंग.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे कोकणातले. नानांचे आजोबा बाळाजी महादजी भानू हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर देशावर आले आणि १७१९ साली दिल्लीच्या मोहिमेत कामास आले. पेशव्यांसाठी देह ठेवणाऱ्या या घराण्याकडे फडणिशी, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाची जबाबदारी, वंशपरंपरेने आली. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. पेशव्यांच्या मुलांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. शरीर कृश, प्रकृती नाजूक, वृत्ती एकांतप्रिय आणि देवधर्माकडे ओढा. तलवारीपेक्षा लेखणीशी त्यांचे अधिक सख्य. वयाच्या चौदाव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि ज्या वयात मुले विटीदांडू खेळतात, त्या वयात या मुलाच्या हाती दौलतीचे कागद आले.

१७६० साली सदाशिवराव भाऊ उत्तरेस निघाले, तेव्हा नानाही सहकुटुंब त्यांच्यासमवेत गेले. तीर्थयात्रा घडावी, हा त्यात मोठा हेतू होता. मथुरा, वृंदावन या पुण्यक्षेत्रांचे दर्शन त्यांना घडले. परंतु विधिलिखित निराळे होते. पानिपतावर आपल्या सैन्याला अब्दालीने अडवून धरले. रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि छावणीत अन्नावाचून माणसे व जनावरे तडफडू लागली. अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस, उपाशी सैन्य रणात उतरले. दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि लक्षावधी घरांचा आधार एका दिवसात कोसळला.

त्या वेळी नाना एकोणीस वर्षांचेही नव्हते. अंगावरची वस्त्रे टाकून, लंगोटी लावून, अनोळखी मुलखातून ते पायी निघाले. दौलतीचा फडणीस भिकाऱ्याच्या वेषात रानोमाळ हिंडत होता. आईची ताटातूट झाली ती कायमचीच. पत्नी मात्र दैवयोगाने सुटून पुढे भेटली. स्वदेशी परतावे, तर तेथेही दुःखच वाढून ठेवलेले. पुत्रशोक आणि बंधुशोक यांनी खचलेले नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पुण्यास निवर्तले.

भाविक वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. एवढा आघात झालेला तरुण दोन वाटांनी गेला असता. एक तर वैराग्य घेऊन काशीस जाऊन बसला असता, नाहीतर सारा दोष दैवावर टाकून मोकळा झाला असता. नानांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी पुढे आपल्या पूर्वायुष्याची हकीकत स्वहस्ते लिहून ठेवली. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. तीत आपल्या तारुण्यातील दोष आणि पानिपतावरून जीव घेऊन निघाल्याची गोष्ट त्यांनी लपविलेली नाही. ज्याला आपला पराभव कागदावर उतरविता येतो, त्यालाच तो तपासता येतो. जमाखर्च ठेवणारा हा माणूस आपल्या आयुष्याच्याही खर्चाची बाजू कोरी ठेवीत नव्हता, असेच म्हणावे लागेल.

माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत दौलत पुन्हा सावरली आणि नानांच्या कारभारातील बुद्धीला धार चढली. परंतु १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास माधवराव गेले आणि पुढल्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले. तेव्हा सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी मंडळींसह नानांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवण्यात आले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि युद्धाला तोंड फुटले. मधल्या काळात, १७७८ साली, नानांचे चुलतभाऊ मोरोबा यांनीच कारभार बळकाविला. नानांना काही महिने पुण्याबाहेर राहावे लागले. तेथेही ते चिडले नाहीत, धीराने बसले. महादजी शिंद्यांना अनुकूल करून घेऊन त्यांनी त्याच वर्षी कारभार परत मिळविला.

आता या चरित्रातील मुख्य प्रसंग आपल्या अंगणात येतो. राघोबादादांना पुण्यास नेऊन बसवावे, या हेतूने मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज पनवेलास उतरली आणि खोपोलीवरून बोरघाट चढून गेली. येथे पानिपतचा विद्यार्थी जागा झाला. पानिपतावर अन्नावाचून आपण हरलो, तर आता शत्रूला अन्न मिळू द्यायचे नाही, हीच या मोहिमेतील मराठ्यांची नीती दिसते. महादजी, हरिपंत यांच्या फौजांनी समोरासमोर निकराची लढाई टाळली, वाटेवरचे धान्य व वैरण जाळून टाकली आणि शत्रूला पुढे पुढे येऊ दिले. इंग्रज तळेगावास पोचले, तेव्हा त्यांना जळालेले गाव मिळाले. पुणे अवघ्या काही कोसांवर, पण पोटाला काही नाही! त्यांनी जड तोफा तळ्यात टाकल्या, सामान जाळले आणि ११ जानेवारी १७७९ च्या रात्री माघारीची वाट धरली. मराठ्यांनी त्यांना वडगाव येथे कोंडले आणि शरणागतीचा तह लिहून घेतला. पानिपत होऊन अठरा वर्षे झाली होती आणि महिना तोच होता, पौष!

इंग्रज एवढ्याने थांबले नाहीत. नानांनी १७८० साली निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना एका सूत्रात गोवून इंग्रजांविरुद्ध मोट बांधली. उत्तरेत पानिपताच्या वेळी आपण एकाकी पडलो होतो, त्या उणिवेची ही भरपाई होती. १७८० च्या अखेरीस जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि १७८१ च्या फेब्रुवारीत बोरघाट काबीज करून तळ दिला. त्याला वाटले, आता पुणे भयभीत होऊन तह मागेल. नानांनी तह मागितला नाही. पुढे हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांनी वाट अडविली, मागे परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरले आणि पनवेलहून घाटाकडे येणाऱ्या रसदेवर घाले घालू लागले. घाट हाती असूनही गॉडर्डला वर जाता येईना आणि बसूनही राहता येईना. अखेर एप्रिल १७८१ मध्ये त्याने माघार घेतली. खोपोलीपासून पनवेलपर्यंतच्या त्या वाटेवर त्याची साडेचारशेहून अधिक माणसे ठार व जखमी झाली. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला आणि राघोबादादांचा पक्ष इंग्रजांना सोडावा लागला. साष्टी त्यांच्याकडेच राहिली, हे खरे. परंतु पेशवाई वाचली.

आज प्रवासी त्या घाटातून घटकाभरात निघून जातो. खोपोलीस मात्र नानांनी बांधलेले महादेवाचे मंदिर आणि तळे आहे. ज्या ठिकाणी शत्रूच्या छावणीला मुक्काम जड झाला, त्याच ठिकाणी वाटसरूला पाणी आणि देवाचे दर्शन मिळावे, अशी ही योजना आहे. विजयाचे स्मारक म्हणून या तळ्याकडे पाहिले, तर त्याची गोडी आणखी वाढेल.

कथा येथेच संपविली असती, तर ऐकणाऱ्यांना गोड वाटले असते. परंतु चरित्र सांगणाऱ्याने खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. पुण्यात घाशीराम कोतवालाचा जुलूम नानांच्या कारकिर्दीतच वाढला आणि १७९१ साली लोकक्षोभातून घाशीरामाचा अंत झाला. महादजींसारख्या तोलामोलाच्या पुरुषाशी मनाची गाठ पूर्ण बसली नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ज्या बाळासाठी नानांनी राज्य राखले, त्याला राज्य चालविण्यास मोकळे होऊ दिले नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास निजामावर मोठा जय मिळाला. त्यानंतर आठ महिनेही लोटले नाहीत, तोच सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडले आणि २७ ऑक्टोबरला, एकविसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पानिपताने नानांना सावधपणा शिकविला होता. त्या सावधपणाची अखेर अविश्वासात झाली, असे वाटल्यावाचून राहत नाही. शिकलेला धडाही किती ताणावा, याची मर्यादा असते.

तरीही या माणसाचा धीर पाहा. १७९६ मध्ये वारसाच्या गोंधळात त्यांना पुणे सोडून सातारा, वाई असे करीत रायगडाच्या पायथ्याकडील महाडास यावे लागले. वय चौपन्न, हातून सत्ता गेलेली. पण महाडास बसून त्यांनी लेखणीच्या बळावर निजाम, भोसले, होळकर, इतकेच नव्हे तर शिंद्यांनाही वळवून घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा कारभारी झाले. पुढे ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांनी त्यांना दग्याने कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १७९८ मध्ये सुटका झाली आणि खचलेल्या शरीराने ते पुन्हा दौलतीच्या कामास लागले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. मागे पुत्र नव्हता आणि तयार केलेला वारसही नव्हता. तीन वर्षेही लोटली नाहीत, तोच १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली.

श्रोतेहो, या आख्यानातून काय घ्यावे? परीक्षेत नापास झालेला मुलगा, दुष्काळाने वा अवकाळीने पीक गेलेला शेतकरी, धंद्यात बसलेला गृहस्थ, यांपैकी कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतो. त्याला रागावू नये आणि केवळ सांत्वनही करू नये. काय उणे पडले, हे त्याच्याजवळ बसून, प्रेमाने, कागदावर मांडावे. पानिपतावर धान्य उणे पडले होते, हे ज्याने लक्षात ठेवले, त्याला बोरघाटात यश मिळाले. आणि यश आल्यावर घरातील पुढच्या पिढीच्या हाती कारभाराच्या किल्ल्या वेळेवर द्याव्या. नानांना जे साधले नाही, तेही त्यांचे चरित्र आपल्याला शिकवून जाते.

आज रात्री बिल्वदल वाहताना भोलानाथापाशी एवढेच मागावे की, वाट्याला येणारे विष कंठात धरण्याचे बळ दे आणि मंथनाची दोरी हातून सुटू देऊ नकोस.

हर हर महादेव!