आधी स्वतःला टोचून घेतले



धडधाकट लेकराला लस टोचून ताप कशाला आणायचा, असे काही आजीबाई आम्हाला विचारतात. तेव्हा आम्हाला वाल्देमार हाफकिन आठवतात.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे यहुदी कुटुंबात झाला. पटकीची लस घेऊन ते १८९३ मध्ये भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस केली. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण त्यांच्यावरून शरीर शत्रूला ओळखायला शिकते. टोचल्यावर येणारा ताप बहुधा या तयारीचाच असतो. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मगच ती इतरांना दिली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. पुढे दिसून आले की, लसीची एक बाटली उघडताना दूषित झाली होती. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात सेवेला आले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत परळची संस्था १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्या १९ घरांचे दुःख खरे होते. त्यातून धडा मिळाला तो स्वच्छतेचा, लस सोडण्याचा नव्हे. शिरूर अनंतपाळच्या मातांनो, मनात शंका असेल तर नर्सताईंना विचारा, पण बाळाची लस चुकवू नका.

आपला,
धर्मगुरू