मातांचा कैवारी : इग्नाझ सेमेलवाइस

आपल्याकडे मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटी पूजण्याची चाल आहे. त्या रात्री घरातील बायका दिवा मालवू देत नाहीत व बाळंतिणीच्या खोलीत जागत बसतात. या चालीच्या मुळाशी कोणती श्रद्धा आहे, तिची चर्चा येथे नको. परंतु बाळबाळंतिणीचे ते पहिले दिवस किती धोक्याचे मानले जात, याची साक्ष तीत आहे. ही भीती आपल्याच देशात होती असे नाही. युरोपातील मोठमोठ्या नगरांत, नामांकित इस्पितळांत, विद्वान डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंत झालेल्या स्त्रियाही सूतिकाज्वराने दगावत. त्यांचा मृत्यू डॉक्टरांच्याच हातांवरून येतो, हे ज्याने आकडे मांडून दाखविले आणि त्या हातांत स्वतःचेही हात धरले, त्या हंगेरियन वैद्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इग्नाझ फिलिप सेमेलवाइस याचा जन्म १ जुलै १८१८ रोजी बूडा येथे झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बूडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट अशी ती तेव्हा दोन निराळी शहरे होती. पुढे ती एक होऊन आजचे बुडापेस्ट झाले. वडील किराण्याचे सधन व्यापारी होते व इग्नाझ त्यांच्या दहा मुलांपैकी पाचवा. मुलाने कायदा शिकावा म्हणून १८३७ साली त्याला व्हिएन्नास पाठविण्यात आले. पण वर्षभरातच कायद्याची पुस्तके मिटून तो वैद्यकाकडे वळला. १८४४ साली त्याने पदवी मिळविली आणि वयाला अठ्ठावीस वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, १ जुलै १८४६ रोजी, व्हिएन्नाच्या थोरल्या सार्वजनिक इस्पितळातील प्रसूतिविभागात तो प्राध्यापक योहान क्लाइन याचा साहाय्यक झाला. आपल्या गोमंतकात पणजीस वैद्यकशाळा निघाली ती १८४२ साली. त्याच दशकातील ही हकीकत होय.

या इस्पितळात गोरगरीब स्त्रियांचे बाळंतपण फुकट होई; त्या बदल्यात शिकाऊ मंडळींना त्यांच्यावर शिकावयास मिळे. प्रसूतीची दोन दालने होती. १८४० पासून पहिल्या दालनात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. एक दिवस या दालनात भरती, दुसऱ्या दिवशी त्या दालनात, असा क्रम असे. इमारत एक, अन्न एक, पाणी एक. पण १८४६ साली पहिल्या दालनातील ४०१० प्रसूतींत ४५९ माता मृत्यू पावल्या, आणि दुसऱ्या दालनातील ३७५४ प्रसूतींत १०५. म्हणजे डॉक्टरांच्या दालनात मरण सुइणींच्या दालनाच्या चौपट होते! ही गोष्ट व्हिएन्नातील अडाणी बायकांनाही ठाऊक होती. पहिल्या दालनाची पाळी आहे असे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून, आम्हांला तिकडे नेऊ नका म्हणून रडत. कित्येकींचे बाळंतपण वाटेतच, रस्त्याच्या कडेला होई. आणि आश्चर्य असे की, रस्त्यावर बाळंत होऊन मग दालनात आलेल्या स्त्रियांना हा ज्वर फारसा होत नसे.

मोठमोठ्या पंडितांनी याचे खापर हवेवर फोडले होते. वातावरणात काही दूषित वाफा पसरतात व त्यांनी ज्वर येतो, असे ते म्हणत. सेमेलवाइसला हे पटेना. एकाच छपराखालच्या दोन दालनांपैकी एकातच शिरणारी ही हवा कोणती? गर्दी म्हणावी, तर बायका पहिल्या दालनाला भीत असल्यामुळे दुसऱ्यातच गर्दी अधिक. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचा संस्कार देण्यासाठी पाद्री घंटा वाजवीत पहिल्या दालनातून जाई. त्या घंटानादाने बाळंतिणींची छाती दडपत असेल म्हणून त्याने पाद्र्याला निराळ्या वाटेने, घंटेवाचून जावयास सांगितले. सुइणी बायकांना कुशीवर निजवून बाळंत करतात असे पाहून तीही पद्धत पहिल्या दालनात आणली. एकेक कारण त्याने असे हातात घेऊन पाहिले आणि टाकून दिले. मरण काही कमी होईना. इतरांना या मरणाची सवय झाली होती. त्याला ती झाली नाही.

१८४७ च्या मार्च महिन्यात तो व्हेनिसला जाऊन परत आला, तो दुःखाची वार्ता त्याची वाट पाहत होती. त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का वारला होता. प्रेत चिरून दाखविताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली, जखम चिघळली आणि विष अंगभर पसरले. कोलेच्काच्या शवपरीक्षेचा वृत्तांत सेमेलवाइसने वाचला आणि तो चमकला. अशाच खुणा त्याने सूतिकाज्वराने मेलेल्या शेकडो स्त्रियांच्या देहांत पाहिल्या होत्या. पुरुषाला सूतिकाज्वर कसा होईल? परंतु रोग तोच होता. कोलेच्काच्या रक्तात प्रेताचा अंश सुरीने नेला. मग बाळंतिणींच्या अंगात तो कोणी नेला?

उत्तर त्याच्या रोजच्या दिनक्रमात होते. रोज सकाळी तो आणि त्याचे विद्यार्थी शवागारात जात, आदल्या दिवशी मेलेल्या स्त्रियांची प्रेते तपाशीत आणि तेथून थेट दालनात येऊन जिवंत स्त्रियांना तपाशीत. साबणाने हात धूत, पण प्रेताचा वास जात नसे. सुइणी शवागारात पाऊल टाकीत नसत. त्याने जुने दप्तर चाळले. क्लाइनच्या आधीचा प्राध्यापक बोअर हा प्रेतांवर प्रसूतिशास्त्र शिकवीत नसे. त्याच्या काळात मृत्यूचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास होते. अगदी अलीकडचे आकडे तर त्याहून बोलके निघाले. १८४७ च्या फेब्रुवारीत सेमेलवाइस कामावर नव्हता. त्या महिन्यात ३१२ प्रसूतींत ६ माता दगावल्या. मार्चअखेरीस तो परतला आणि पुन्हा मोठ्या उत्साहाने शवविच्छेदनास लागला. एप्रिलमध्येही प्रसूती बरोबर ३१२ च झाल्या. माता दगावल्या ५७.

आम्ही शिक्षक मंडळी दुसऱ्यांच्या वहीतील चुकांखाली तांबडी रेघ ओढण्यात तरबेज असतो. पण फळ्यावरची आमची चूक एखाद्या चुणचुणीत मुलाने दाखविली की, खडूकडे दोष ढकलण्याचा मोह होतो. म्हणून या तरुणापुढे आलेल्या त्या दोन आकड्यांचा विचार केला म्हणजे आमचे मन स्तब्ध होते. ज्ञानाच्या तळमळीने जितकी प्रेते अधिक तपासावी, तितक्या माता अधिक मरत होत्या. आपल्यामुळे किती जणी अकाली थडग्यात गेल्या हे देवच जाणे, अशी कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात स्वतःच्या नावानिशी दिली आहे.

१८४७ च्या मेच्या मध्यास पहिल्या दालनात क्लोरीनच्या पाण्याचे पात्र येऊन बसले. शवागारातून येणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुतल्यावाचून बाळंतिणीस स्पर्श करावयाचा नाही, असा दंडक त्याने घातला. क्लोरीन महाग पडे, म्हणून नंतर क्लोरीनयुक्त चुना वापरू लागले. आपल्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे हाच चुना. फळ ताबडतोब दिसले. जूनमध्ये २६८ प्रसूतींत ६ मृत्यू, जुलैत २५० प्रसूतींत ३. मग ऑक्टोबरात पुन्हा घाला आला. गर्भाशयाच्या स्रवत्या कर्करोगाने पीडित अशी एक स्त्री रांगेतल्या पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टर नुसता साबण लावून पुढच्या खाटांकडे गेले आणि तिच्यासोबतच्या बारा बाळंतिणींपैकी अकरा मरण पावल्या. विष केवळ प्रेतातूनच येते, हा आपला समज अपुरा होता हे त्याने तत्काळ मान्य केले व दर दोन रोग्यांच्या मध्ये हात धुण्याचा नियम केला. १८४८ सालच्या मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या दालनात एकही माता दगावली नाही.

एवढे झाल्यावर व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतले असेल, असे मुलांना वाटेल. हेब्रा, श्कोडा, रोकिटान्स्की हे थोर वैद्य त्याच्या पाठीशी उभे राहिले, हे खरे. पण त्याचे म्हणणे मान्य करणे म्हणजे इतकी वर्षे आपल्याच हातून माता मेल्या हे मान्य करणे होते. आणि क्लाइन तर बोअरच्या मागून प्रेतांवर शिकविण्याची पद्धत आणणारा. शिवाय रोगजंतूंचे ज्ञान अजून व्हावयाचे होते. हातावरचा तो अदृश्य अंश नेमका कोणता, हे सेमेलवाइसलाही सांगता येत नव्हते. १८४९ साली त्याची मुदत वाढविण्यात आली नाही.

येथे त्याचाही दोष सांगितला पाहिजे. विरोधकांना उत्तर म्हणून तेव्हाच सविस्तर ग्रंथ लिहिणे अगत्याचे होते. पण त्याला लिहिण्याचा तिटकारा. त्याची बाजू मित्रांनीच लेखांतून मांडली, तीही अपुरी. १८५० च्या ऑक्टोबरात, ज्या मित्रांनी त्याच्यासाठी भांडण मांडले त्यांचा निरोपही न घेता तो व्हिएन्ना सोडून गेला. पेस्टच्या सेंट रोकुस इस्पितळात १८५१ ते १८५७ या काळात त्याच्या देखरेखीखाली ९३३ प्रसूती झाल्या व त्यांत सूतिकाज्वराने अवघ्या ८ माता गेल्या. १८५५ साली तो तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाला. लग्न झाले, मुलेबाळे झाली. पण इतरत्र बाळंतिणी मरतच होत्या. अखेर त्याचा मोठा ग्रंथ १८६१ मध्ये वाचकांपुढे आला, तोपर्यंत चौदा वर्षे उलटली होती. ग्रंथाची उपेक्षा होताच त्याने नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रे लिहून खुनी ठरविले. ज्याला आपली चूक कबूल करावयास लावावयाचे, त्याला आधीच खुनी म्हटल्यावर तो कान बंद करील यात नवल ते काय? परंतु प्रत्येक महिन्याचे मृत्यू मोजणाऱ्या माणसाने शांत राहावे, असे तरी आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

पुढे त्याचे मन ढळले. १८६५ च्या जुलैअखेरीस त्याला व्हिएन्नास नेऊन वेड्यांच्या इस्पितळात कोंडण्यात आले. तेथे पहारेकऱ्यांची मारहाण त्याला सोसावी लागली असावी, असे त्याच्या देहावरील जखमांवरून दिसते. पंधरवड्यातच, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, जखमेचे विष अंगभर पसरून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. आदल्याच दिवशी ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर याने मोडलेल्या पायाच्या एका मुलाची जखम कार्बोलिक अॅसिडच्या पट्टीने बांधली होती, आणि ती न चिघळता बरी व्हावयाची होती. सूतिकाज्वराचे साखळीसारखे दिसणारे जंतू लुई पाश्चर याने पॅरिसच्या विद्वत्सभेत फळ्यावर काढून दाखविले ते १८७९ साली.

सेमेलवाइसचा देह शवपरीक्षेसाठी व्हिएन्नाच्या त्याच थोरल्या इस्पितळात आणण्यात आला, जेथे तो रोज सकाळी प्रेते तपाशीत असे. वृत्तांतात ज्या खुणा नोंदल्या गेल्या, त्या कोलेच्काच्या वृत्तांतातल्यासारख्याच होत्या.