खाशाबा आणि तो अर्धा तास

खाशाबा जाधव म्हटलं की सगळे जिद्दीबद्दल बोलतात. मला मात्र त्यांच्या स्नायूंबद्दल बोलायचंय!

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लाल मातीतला हा गडी मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर खिशात पैसे नाहीत. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. असे सर मिळायला भाग्य लागतं!

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची लढत खूप लांबली. ती हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. नियमाने मध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती, पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तीही लढत हरले आणि ब्राँझ मिळालं.

आता थोडं इंजिनिअरिंग. आपल्या स्नायूत मायोसिन नावाचं प्रोटीन असतं. ही छोटीशी मोटरच. एटीपी जाळून ती ॲक्टिनचे धागे ओढते. तोरणमाळचा घाट चढताना मंद मायोसिनचे तंतू कामी येतात. ते सावकाश ओढतात, पण जाम टिकतात. कुस्तीत डाव टाकताना जलद मायोसिनचे तंतू लागतात. ते झटका देतात, पण एटीपी भराभर खातात आणि लवकर दमतात. त्यांचा तातडीचा साठा, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, काही मिनिटांत बराचसा भरतो. स्नायू पुरता सावरायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. गंमत म्हणजे हे धागे एकमेकांवरून सरकतात हा सिद्धांत मांडला गेला १९५४ मध्ये, म्हणजे हेलसिंकीनंतर दोन वर्षांनी!

म्हणजे कितीही जिद्द असली तरी रिकामी मोटर फिरत नाही. त्या दिवशी फक्त नियम वाचलेला एक माणूस शेजारी हवा होता.

तरीही स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. कराडहून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर कुस्त्या लावून त्यांनी खर्डेकर सरांचे पैसे फेडले. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. दुसरं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडलं, तेही ब्राँझच, लिअँडर पेसचं.

आपल्या कॉलेजची टीम बाहेर खेळायला जाईल, तेव्हा नियम माहीत असलेला एक जण सोबत पाठवा. खाशाबांना याहून चांगला सलाम मला सुचत नाही.