नियोजनाचे आद्य पुरस्कर्ते : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा गावात झाला. त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. परंतु विश्वेश्वरय्या लहान असतानाच त्यांचे निधन झाले. घरची परिस्थिती बेताची होती. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला व १८८१ मध्ये बी.ए.ची पदवी मिळवली. पुढे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले.

१८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश व पुणे येथे त्यांनी काम केले. पुण्याजवळील खडकवासला धरणावर त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की हे दरवाजे आपोआप उघडत व पातळी उतरली की मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता अधिक पाणी साठवता आले. कालव्याच्या पाण्याचा लाभ अधिक गावांना मिळावा, यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धतही सुरू केली.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मात्र केवळ धरणे बांधून दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. शेती, उद्योग व शिक्षण यांचा एकत्रित विचार करण्यासाठी १९११ मध्येच आर्थिक परिषद स्थापन झाली होती. त्यांच्या कारकिर्दीत १९१३ मध्ये म्हैसूर बँक व १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. प्राथमिक शाळांची संख्याही झपाट्याने वाढली.

याच काळात एक कठीण प्रसंग उद्भवला. संस्थानातील सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण फार मोठे होते. इतर समाजांनाही न्याय्य वाटा मिळावा, ही मागणी जोर धरू लागली. महाराज कृष्णराज वडियार यांनी तिचा विचार करण्यासाठी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात आणि मागे राहिलेल्यांना शिक्षणाने पुढे आणावे, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. तथापि ज्यांना शाळेचे दारच उशिरा उघडले, त्यांनी आणखी किती काळ थांबावे, हा प्रश्नही तितकाच खरा होता. मतभेद मिटले नाहीत. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या पदावरून दूर झाले. राखीव जागांच्या मार्गाने संस्थान पुढे गेले आणि अनेक समाजांना प्रशासनात प्रवेश मिळाला.

पद गेले, तरी त्यांचे काम थांबले नाही. पुढे संस्थानाच्या भद्रावती येथील लोखंड कारखान्याची घडी त्यांनी बसवली. त्या कामाचे मानधन स्वतःसाठी न घेता, ते तरुणांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी वापरावे, असे त्यांनी सुचवले. त्यातून बंगळूर येथे व्यवसायशिक्षणाची संस्था उभी राहिली. १९३४ मध्ये त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना त्यात मांडली होती. देशाची पहिली पंचवार्षिक योजना त्यानंतर सतरा वर्षांनी सुरू झाली.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. वयाची शंभरी ओलांडल्यावर १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून साजरा होतो.