बर्नार्ड लीच : मातीचा शिष्य

कुंभाराचे चाक आम्ही सर्वांनीच लहानपणी पाहिलेले असते. मातीच्या गोळ्यातून गाडगे वर येताना घटकाभर उभे राहावे आणि पुढे चालू लागावे, एवढाच आपला त्या कलेशी संबंध. न्यायाधीशाच्या घरी जन्मलेला मुलगा त्या चाकाशी जन्मभर बसून राहिला, असे सांगितल्यास आपणांस नवल वाटेल.

बर्नार्ड लीच ह्यांचा जन्म ५ जानेवारी १८८७ रोजी हाँगकाँग येथे झाला. जन्मताच आई निवर्तली, म्हणून आजी-आजोबांनी त्यांस जपानात नेऊन वाढविले. सोळाव्या वर्षी ते लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. परंतु वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांना बँकेची नोकरी पत्करावी लागली. ती त्यांस मानवली नाही. पुन्हा कलाशाळा गाठून त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून त्याचे छाप काढण्याची विद्या हस्तगत केली, आणि ती शिकविण्यासाठी १९०९ साली ते जपानला गेले.

शिकवावयास गेलेला हा तरुण तेथे शिष्य झाला, त्याची हकीकत अशी. १९११ साली मित्रांच्या एका मेळाव्यात पाहुण्यांपुढे कोरी भाजलेली भांडी, कुंचले व रंग ठेवले होते. प्रत्येकाने आपल्या भांड्यावर चित्र काढावे, यजमानांनी त्यावर झिलई चढवून ते भट्टीत घालावे, असा तो खेळ. थोड्याच वेळात लांब चिमट्याने भांडी बाहेर आली ती निखाऱ्यासारखी लाल! आपले भांडे निवताना पाहत असतानाच लीच ह्यांचा निश्चय झाला. वय चोवीस वर्षांचे, घरी पत्नी, आणि कुंभारकामाचा गंधही नाही!

त्यांना गुरू भेटले ते उरानो शिगेकिची. प्रसिद्ध केन्झान परंपरेतील हे सहावे पुरुष. वृद्ध आणि दरिद्री. आमच्याकडे घराण्याच्या चिजा गवई जिवापाड जपतात, तशाच झिलईच्या कृती ह्या परंपरेत जपलेल्या होत्या. गुरूने त्या लीच व त्यांचे मित्र तोमिमोतो ह्यांच्या स्वाधीन केल्या आणि परक्या देशाच्या मनुष्यास सातवा केन्झान होण्याचा अधिकार दिला. हे औदार्य आम्हांला लीच ह्यांच्या पुढील कीर्तीहूनही मोठे वाटते.

१९१९ साली आबिको येथील त्यांची कार्यशाळा आगीत भस्म झाली, टिपणेही गेली. त्याच वर्षी जपानला गेलेले आपल्याकडील सरदार गुरुचरण सिंग ह्यांचा ह्या मंडळींशी परिचय झाला. त्यांनीच पुढे दिल्लीत निळ्या झिलईच्या भांड्यांचा उद्योग नावारूपास आणला.

१९२० साली लीच तरुण सहकारी हामादा शोजी ह्यांस घेऊन इंग्लंडात परतले व कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज गावी त्यांनी भट्टी उभारली. तेथे सरपणाची टंचाई होती. पहिली भट्टी नीट जमली नाही. पुष्कळ भांडी आतच बिघडत. अखेर उजी येथील जुन्या कुंभार घराण्यातील मात्सुबायाशी ह्यांनी येऊन उतारावर चढत जाणारी तीन दालनांची नवी भट्टी बांधून दिली. तरीही पैशाची ओढाताण संपली नाही. इंग्रज गिऱ्हाइकांना ही मातकट रंगाची भांडी रुचत नसत. त्यांना मागणी होती ती जपानातच.

थोरला मुलगा डेव्हिड स्टोक-ऑन-ट्रेंटच्या तंत्रशाळेत शिकावयास गेला, हे लीच ह्यांना मुळीच आवडले नाही. यंत्राच्या कारखान्यांचे ते गाव! आम्हांला येथे मुलाचीच बाजू खरी वाटते. त्याने परत येऊन लाकडाऐवजी तेलावर भट्टी चालविली, रोजच्या वापराची वाट्या-ताटल्यांसारखी भांडी नियमाने होऊ लागली, आणि कारखाना तगला. बापाने जपानात वेचलेली विद्या मुलाच्या हिशेबीपणामुळे वाचली. १९४० साली लीच ह्यांनी ‘अ पॉटर्स बुक’ हे पुस्तक लिहिले. ते वाचून कित्येक देशांतील तरुण ह्या कलेकडे वळले.

वृद्धपणी त्यांची दृष्टी गेली आणि चाक सुटले. तेव्हा ते पुस्तके सांगून लिहवून घेऊ लागले. ६ मे १९७९ रोजी सेंट आइव्ह्ज येथे त्यांचे निधन झाले. मात्सुबायाशींची ती भट्टी आता विझलेली असली, तरी तेथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आणि शेजारच्या खोल्यांतून चाके अद्याप फिरत असतात.